हातानं फिरवलेलं रीळ

दिवेलागण होऊन गेली की घरातली एखादी मोकळी पांढरी भिंत शोधा आणि तिच्यासमोर बसा. मांडी घालता आली तर घाला, गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची घ्या. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू द्या. भिंतीवर काहीही लावायचं नाही. आज एक जुनं हसू पुन्हा बघायचं आहे, आणि ते इतक्या सावकाश बघायचं आहे की त्यातलं एकेक चित्र सुटं व्हावं.

हसू तुमचंच हवं. लहानपणी पोट धरून हसलेलं, आणि आता आठवलं की आत कुठंतरी खुपणारं. लगेच आठवलं नाही तर शोधाशोध करू नका. पाठ सैल सोडा, श्वास त्याच्या चालीनं चालू द्या. तुमचं वर येईपर्यंत मी माझं सांगतो.

दुष्काळाचं साल होतं, १९७२. मी पाचवीत, नगरमधल्या एका शाळेच्या वसतिगृहात. गावाकडच्या विहिरींना तळ लागला होता, आई-वडील खडी फोडायच्या कामावर जात होते आणि आम्हा पोरांना वाटीभर सुकडी मिळायची. तिची गोडसर चव अजून जिभेवर आहे. एका शनिवारी रात्री पटांगणात दोन खांबांना चादर बांधली. टेबलावर १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर ठेवला. मोठ्या सिनेमाआधी कार्टूनचं एक छोटं रीळ लागलं. प्राण्यांची शाळा, गाय ही बाई, स्नेहसंमेलन चाललेलं. कुणी गातंय, कुणी पियानो बडवतंय. मग डुकराचं एक गुबगुबीत पिल्लू कविता म्हणायला उभं राहिलं. त्याला दरदरून घाम फुटला. शब्दाशी अडलं, मागं आलं, पुन्हा त्याच शब्दाला भिडलं आणि पुन्हा अडलं.

इंग्रजीचं एक अक्षर कळत नसताना आम्ही सगळी पोरं खदखदून हसलो.

माझ्या शेजारी नेवाशाकडचा माझा दोस्त बसला होता. त्याचीही जीभ शब्दाच्या उंबऱ्यावर अडायची. मागून कुणीतरी त्याचं नाव घेतलं आणि ओरडलं, "आरं, ह्यो तर आपलाच!" सगळी पोरं पडद्याकडं पाठ करून वळली आणि त्याच्याकडं बघून हसायला लागली. मीही वळलो. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी नळावर त्याला नवं नाव मिळालं होतं, आणि ते दहावीपर्यंत टिकलं.

इथं रीळ थांबवू. तुमचंही तुमच्या जागी थांबवा, हसण्याच्या ऐन मध्यावर. प्रोजेक्टरमध्ये रीळ अडकलं की दिव्याच्या उष्णतेनं ती चौकट जळून जायची. मनातलं रीळ जळत नाही. हवं तितका वेळ ते चित्र भिंतीवर धरून ठेवता येतं. स्वतःकडं लगेच बोट दाखवू नका, मी तेव्हा लहान होतो अशी समजूतही घालू नका. फक्त बघा. तोंड किती उघडं आहे. खांदे कसे हलताहेत. डोळे कुणाकडं आहेत. शेजारी कोण आहे.

आता रीळ हातानं फिरवायला घेऊ.

सिनेमा सेकंदाला २४ चित्रं दाखवतो, म्हणून चित्र चालतं असं आपल्याला वाटतं. ही गंमत आपल्याकडं सुरुवातीला ज्यांनी हातात घेतली त्यांतला एक माणूस विलक्षण धीराचा होता. १९१२च्या सुमारास दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करत महिन्याहून अधिक काळ त्याच्यापुढं कॅमेरा लावून ठेवला. मग पडद्यावर काही क्षणांत अंकुर फुटला, वेल वर चढली. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. काडी एवढीशी सरकवायची, चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायची, पुन्हा चित्र घ्यायचं. निर्जीव काड्या पडद्यावर हलू लागल्या. मला त्या कुंडीसमोरच्या दिवसांचं फार अप्रूप वाटतं. सगळ्यांना वेल झरझर वाढताना दिसली, फाळक्यांनी मात्र ती दिवसाला एका नखाएवढी पाहिली होती. आपणही आज तेवढ्याच वेगानं बघू.

पहिलं चित्र: पिल्लू उभं. दुसरं: घामाचा एक थेंब. तिसरं: थेंब निम्म्यावर. दहाव्या चित्रात तोंड उघडलेलं आहे आणि शब्द आलेला नाही. इथवर हसण्यासारखं काहीच नाही. कुणीतरी घाबरलंय, एवढंच दिसतं. मग हसू आलं कुठून?

ते तालातून आलं. हे समजायला मला फार वर्षं लागली. बोलपटांच्या सुरुवातीच्या काळातली ही गाणारी-नाचणारी कार्टून बनवताना संगीत मागाहून चिकटवत नसत. कुठला ठोका कितव्या चित्रावर पडणार, हे आधी कागदावर मांडलेलं असे. मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर दर १२ चित्रांनी एक ठोका येतो. पाय पडायचा तो ठोक्यावर, टाळक्यात घाव बसायचा तो ठोक्यावर, शब्द अडायचा तोही ठोक्यावर. ढोलकीच्या फडात बसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. समेवर येताना मान आपोआप हलते, हलवू की नको हे कुणी ठरवत नाही. कार्टूनमधला विनोद असाच समेवर येतो. कशाला हसतो आहोत हे मनाला कळायच्या आत छाती हसून मोकळी झालेली असते. चादरीपुढच्या त्या पोरांना इंग्रजी कळण्याची गरजच नव्हती.

एक क्षण डोळे मिटा आणि आपल्या नाडीवर बोट ठेवा. तिची लय ऐका. या लयीला कुणाबद्दल राग नाही, कुणाबद्दल प्रेमही नाही. तिच्यावर जे ठेवाल ते ती वाहून नेते.

१८ नोव्हेंबर १९२८ला न्यूयॉर्कमध्ये 'स्टीमबोट विली' दाखवला गेला. मिकी माउस त्यात बोटीवरच्या जनावरांची वाद्यं करतो. एका बोकडानं गाण्याचे कागद गिळलेले असतात. त्याची शेपटी हँडलसारखी फिरवली की तोंडातून गाणं येतं. मांजराची शेपटी ओढली की सूर निघतो. गाईच्या दातांवर काठ्या पडतात. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी थक्क झालो, आणि अजूनही होतो. हातानं काढलेल्या रेषा आणि आवाज इतके एकजीव झालेले असतात की रेषाच वाजते असं वाटतं. ते कसब खरं आहे आणि मांजराचं केकाटणंही खरं आहे. दोन्ही एकाच चित्रात आहेत.

त्या बोकडाच्या पोटातून निघणाऱ्या चालीचंही पाहा. ती अमेरिकेतली जुनी लोकचाल. १८३०च्या दशकात त्याच चालीवर 'झिप कून' नावाचं गाणं गाजलं, आणि ते गाणारे गोरे नट तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीय माणसाची टिंगल करायचे. या काजळीच्या खेळांना मिन्स्ट्रेल शो म्हणत. १९३०मध्ये 'लूनी ट्यून्स' ही कार्टून-मालिका सुरू झाली ती बॉस्को नावाच्या बाहुल्याला घेऊन, आणि तो बाहुला त्याच काजळीतून उठून आला होता. चाल इतकी गोड की तिच्या अंगाला काय लागलंय हे ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. पुढं १९६८ साली या जातीची ११ कार्टून वितरणातून काढून घेतली गेली. डिस्नेच्या १९३३च्या 'थ्री लिटल पिग्ज'मध्ये लांडगा ज्यू फेरीवाल्याचं सोंग घेऊन दारात येतो. १९४८ साली ते दृश्य नव्यानं काढण्यात आलं. काढून घेणाऱ्यांचं आणि बदलणाऱ्यांचं मन मला कळतं. लहान मुलांपुढं आजही मी ती लावणार नाही. पण मोठ्यांसाठी ती जशीच्या तशी जपून ठेवावीत असं मला वाटतं. पुसलेल्या पाटीवर आपलंच अक्षर वाकडं होतं हे पुन्हा दिसत नाही.

परत त्या पिल्लाकडं येऊ. ते रीळ कुठलं होतं हे मला चाळिशीत कळलं. १९३५चं 'आय हॅवन्ट गॉट अ हॅट', आणि पिल्लाचं नाव पॉर्की पिग. हे त्याचं पडद्यावरचं पहिलंच पाऊल. आणि त्याला ज्यानं आवाज दिला होता त्याचं नाव जो डोहर्टी.

इथं अगदी हळू फिरवा.

जो डोहर्टी तोतरेपणाची नक्कल करत नव्हता. तो खरोखरच अडखळत बोलायचा. आवाजाच्या खोलीत त्याला मायक्रोफोनपुढं उभं करत, आणि त्याची जीभ अडे तशी अडू देत. पण अडणं असं सांगून होत नाही. ते हव्या त्या जागी येत नाही, आलं की लवकर जात नाही. ध्वनिमुद्रणाची फिल्म मागं पळत राहायची, खर्च वाढत जायचा. १९३७ साली त्याला बदललं आणि मेल ब्लँक हा नकलाकार आणला. ब्लँकचं अडखळणं ठोक्यावर यायचं. ते आवरता यायचं.

हे वाचलं त्या दिवशी मी पुस्तक मिटून खिडकीशी बसून राहिलो. पटांगणातल्या त्या रात्री पडद्यावर रेषा डुकराची होती, पण आवाज एका खऱ्या माणसाचा होता, आणि त्याला शब्द सापडत नव्हता. पडद्याच्या अलीकडं एक पोरगा होता, त्यालाही शब्द सापडत नव्हता. साऱ्या पटांगणात त्या आवाजाला ओळखणारा तो एकटाच असावा.

तुमच्या चित्रातही असं कुणी आहे का, ते पाहा. ज्याच्यावर हसला होता ती व्यक्ती बघण्याआधी तिच्या शेजारचे बघा. हसणाऱ्या घोळक्यात न हसलेलं एखादं तोंड असतं. कधी ते आपलंच निघतं. दिसलं तर त्याच्याकडं बघत राहा, दोन-चार श्वास.

हे सगळं परदेशातून रिळात बंद होऊन आलं, असं म्हणायची सोय नाही. गवळण आठवा. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी, त्यांना अडवणारा कृष्ण, लुगडं नेसलेली पुरुषी आवाजाची मावशी, आणि पेंद्या. पेंद्या लंगडतो, बोबडं बोलतो. तो तोंड उघडतो आणि फड हसतो. माझ्या गावच्या जत्रेत मी रात्र-रात्र जागून हे पाहिलं आहे आणि त्या सोंगाड्यांवर माझा जीव आहे. शाहीर अनंत फंदींचं संगमनेर नगर जिल्ह्यातलंच. शाहिरीची आणि तमाशाची ओल इथल्या मातीत फार खोल गेलेली आहे. पेंद्याबद्दल मी पुष्कळ विचार केला. त्याच्या बोबड्या बोलांवर फड हसतो खरा, पण कृष्णाला त्याच्यावाचून करमत नाही. गोपाळकाल्यात त्याची शिदोरी देव हातानं खातो. एका सोंगात हे दोन्ही बसतं. ज्या फडात दुसरी गोष्ट विसरून पहिलीच उरली, तिथं पेंद्याचं सोंग मला बघवेनासं झालं.

नगरचाच एक योगायोग सांगतो. १९१८च्या एप्रिलमध्ये, नऊ दिवसांच्या अंतरानं, या गावात दोन मुलं जन्मली. १६ तारखेला स्पाइक मिलिगन. वडील ब्रिटिश हिंदुस्थानी लष्करात, बालपण पुण्यात आणि रंगूनला. पुढं इंग्लंडात 'द गून शो' लिहून त्यानं १९५०च्या दशकात रेडिओवरच्या विनोदाची घडीच मोडली. २५ तारखेला शाहू मोडक, नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात. १९३२च्या 'श्यामसुंदर'मध्ये चौदाव्या वर्षी ते पडद्यावर कृष्ण झाले आणि पुढं पुन्हा पुन्हा कृष्ण होत राहिले. १९४०मध्ये प्रभातच्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये ज्ञानेश्वरही झाले. त्यात भिंत चालते. काडी चालवणाऱ्या फाळक्यांच्या कसबाचं ते धाकटं भावंड, आणि ज्यांची ती कथा त्या ज्ञानदेवांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती याच जिल्ह्यात, नेवाशाला.

मिलिगनच्या बाबतीत मला थांबावंसं वाटतं. १९४४मध्ये इटलीच्या आघाडीवर तोफगोळ्यानं तो जखमी झाला. पायाची जखम भरली, पण मनाचा धक्का गेला नाही. तोफा धडाडल्या की तो थरथरायचा, बोलताना अडखळायचा. म्हणजे शब्द अडणं काय असतं हे या माणसाला ठाऊक होतं. तरी १९६९ साली 'करी अँड चिप्स' या टीव्ही मालिकेत तो चेहऱ्याला तपकिरी रंग फासून, आपल्या उपखंडातल्या माणसाची इंग्रजी बोलण्याची ढब काढत उभा राहिला. सहा भागांनंतर ती बंद करावी लागली. मला त्याचा राग येऊन गेला आहे, आणि तरीही त्याचं नाव ऐकलं की आपल्या गावचा माणूस म्हणून मन पुढं सरकतं. दुखावलेला माणूस दुसऱ्याला दुखावणारच नाही, असा हिशेब जगात चालत नाही. हे वाक्य मी स्वतःलाही ऐकवतो. आम्ही चादरीपुढची पोरं दुष्काळातली, उपाशीपोटीची होतो. तरी वळलो.

भिंत चालवणाऱ्या प्रभात कंपनीनं त्याआधी १९३४ साली कार्टूनही काढून पाहिलं होतं, 'जंबू काका' नावाचं. दिग्दर्शक रघुनाथ केळकर. जंबुक म्हणजे कोल्हा. पंचतंत्रापासून जिभेच्या जोरावर जगत आलेलं जनावर. रेषेतून जन्मलेल्या कोल्ह्याला आपल्या माणसांनी नातं लावलं, काका म्हणाले, हे मला फार आवडतं. ज्याला काका म्हटलं त्याच्यावर हसताना त्याला ओसरीवर जागाही द्यावी लागते.

आता रीळ पुढं जाऊ द्या. थांबलेलं चित्र सुटू दे. तुमच्या आठवणीतली माणसं पुन्हा हलू लागली की त्यांना अडवू नका. ती रात्र पुढं कशी सरली ते बघा. बहुधा आपण हसण्याच्या क्षणापाशीच आठवण कापून ठेवलेली असते. त्यानंतर घरी कोण कसं गेलं, रात्री कोण जागं होतं, हे त्या रिळात असतंच. आपण ते लावून पाहिलेलं नसतं.

माझ्या रिळात पुढं असं आहे. मोठा सिनेमा संपला, चादर उतरवली, घडी घालायला तिचं एक टोक माझ्या दोस्तानं धरलं आणि दुसरं मी. तो बोलला नाही. मीही नाही. त्यानंतरची पाच वर्षं मी त्याच्याशी चांगलं वागलो, असं मला वाटायचं. त्याचा शब्द अडला की मी तो पुरा करून द्यायचो. बाई प्रश्न विचारायच्या, तो उठायचा, आणि त्याच्या तोंडातलं उत्तर मी घाईनं सांगून टाकायचो. त्याला मी मदत म्हणायचो.

पन्नाशी उलटल्यावर एकदा मी त्या रात्रीचा विषय काढला. प्रवरेच्या काठावर बसलो होतो. त्यानं बराच वेळ घेतला. मग म्हणाला, "डुकराला मीबी हसलो व्हतो. लई हसू आलं व्हतं. तुमी समदी वळून बघितली, तेवढं नको व्हतं."

हे मला कधीच सुचलं नव्हतं. न हसलेलं एकमेव तोंड म्हणून मी त्याला इतकी वर्षं मनात धरून बसलो होतो, आणि तो तर आमच्याबरोबर हसत होता. त्याचं हसू आम्ही त्याच्याकडून काढून घेतलं, वळून. तेव्हापासून ते रीळ मी पुन्हा फिरवतो तेव्हा त्याच्या बाजूनं फिरवतो. पडदा, पिल्लू, घाम, आपल्यासारखंच अडणारं कुणीतरी, ते बघून फुटलेलं हसू. मग पाठमोऱ्या डोक्यांचे एकाएकी चेहरे होतात.

तुम्हीही एकदा तुमची जागा बदलून पाहा. ज्याच्यावर हसू पडलं त्याच्या जागी बसा. दया दाखवायला जाऊ नका. तिथून पडदा कसा दिसतो एवढंच बघा. कदाचित तिथूनही विनोद दिसेल. बसा तिथं, घाई नाही.

अडखळणारी पुष्कळ माणसं गाताना अडत नाहीत. सूर आणि ताल धरला की शब्द पुढचा शब्द ओढत येतो. माझा दोस्तही असाच. सहावीत असताना प्रार्थनेच्या वेळी पेटी सुरू झाली की त्याचा आवाज सगळ्यांच्या वर जायचा, सरळ, एकही खाच न पडता. आम्ही ते ऐकत होतो आणि नळावर गेलो की पुन्हा त्याला त्या नावानं हाक मारत होतो. ज्या तालानं त्या रात्री आम्हाला हसवलं त्याच तालावर तो रोज सकाळी मोकळा चालत होता.

आता तो नेवाशाला असतो. एकादशीला पैसाच्या खांबाच्या देवळात भजनाला मी जमेल तेव्हा जातो. खांबाला पाठ टेकून ज्ञानदेव बसले होते असं सांगतात. माणसं येतात, खांबाला हात लावतात, बसतात. शेवटी गवळण असते आणि ती तोच म्हणतो. गेल्या खेपेला गर्दी होती, मी त्याच्या मागंच उभा होतो, हातात टाळांचा जोड. पखवाजाला कणीक नीट बसली का हे पाहून झालं, पेटीनं सूर धरला. तो मागं वळला आणि हात पुढं केला. काहीतरी मागत होता. पहिल्या अक्षराशी अडला. मान किंचित वर गेली, डोळे मिटले, ओठ त्या अक्षराभोवती थांबून राहिले. मला कळलं होतं त्याला काय हवंय. ते माझ्या हातात होतं. शब्द माझ्या जिभेवर आला होता. मी तोंड मिटलं. पेटी थांबली. पखवाजवाला थांबला. बाजूच्या बायांपैकी कुणी वळून पाहिलं नाही.

"टाळ दे," तो म्हणाला.

मी दिले.